चार सेकंदांनी दुसरा

प्रश्न : साहेब, मी चितेगावचा. पैठण रस्त्यावरच्या कंपनीत फ्रीजच्या लाइनवर एकवीस वर्षं काढली, आता घरीच असतो. बर्फाशी माझा संबंध फ्रीजरपुरता. परवा नात मोबाइलवर बर्फावरच्या शर्यती बघत होती. डोंगरावरून एकेक जण सुसाट खाली येतो, वाटेत लाल-निळे खांब, त्यांच्यातून वाकडातिकडा पळतो. सगळी नावं गोऱ्यांची. मधेच एक जपानी आला आणि चार-सहा वळणांतच बाहेर गेला. नात म्हणाली, आबा, यात जपानी कधी जिंकलेत का हो? मला सांगता येईना. कंपनीत जपानी इंजिनिअर यायचे, त्यांचं काम मी जवळून पाहिलंय. एखाद्या गोष्टीच्या मागे लागले की ती तडीस गेल्याशिवाय सोडत नाहीत. बर्फही त्यांच्या घरचा. मग या खेळात ते दिसत का नाहीत? कुणी जिंकला असेल तर त्याची हकिगत सांगा. आणि असल्या खेळाडूचं पुढं पोट कशावर चालतं, तेही सांगा. नात रोलर स्केटिंग शिकते, म्हणून ही चौकशी.
(एक निवृत्त कामगार, चितेगाव, ता. पैठण)

उत्तर : नातीला सांगा, एक जण जिंकलाय. सोनं नाही, रौप्य. नाव चिहारू इगाया. तारीख ३१ जानेवारी १९५६, ठिकाण इटलीतलं कोर्टिना द'आम्पेझो, शर्यत स्लॅलम. त्याआधी हिवाळी ऑलिंपिकमध्ये कुठल्याही खेळात एकाही जपानी माणसाला पदक मिळालेलं नव्हतं. आणि तुम्ही पाहिल्या त्या डोंगरउताराच्या शर्यतींत, म्हणजे अल्पाइन स्कीइंगमध्ये, २०२२ च्या बीजिंगपर्यंत साऱ्या आशियाच्या नावावर ऑलिंपिकचं तेवढं एकच पदक होतं. म्हणजे तुमचा संशय बरोबर आहे. जपानी या खेळात फारसे दिसत नाहीत. पण जो एक दिसला, त्याची गोष्ट पदकापेक्षा मोठी आहे.

आधी शर्यत समजून घेऊ. नुसतं सुसाट खाली यायचं असतं ती डाउनहिल. तिथं ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटरपर्यंत वेग जातो. स्लॅलम तिच्या दुसऱ्या टोकाला. वेग त्या मानानं कमी, पण वळणं दाट. खो-खोत पळणारा गडी बसलेल्या आठ जणांमधून एकेरी साखळी करत जातो, ती चाल डोळ्यांपुढे आणा. आता मैदानाला जिन्यासारखा उतार द्या, मातीच्या जागी गोठून टणक झालेलं बर्फ घाला, बसलेल्या गड्यांऐवजी खांब रोवा आणि आठाचे पन्नास-साठ करा. मग पायांना लांब पट्ट्या बांधून ही साखळी मिनिटाभरात पुरी करा. झाली स्लॅलम. एकदा उतरून भागत नाही. खांबांची मांडणी बदलून दुसऱ्यांदा उतरायचं, दोन्ही वेळा मिळून ज्याचा वेळ कमी तो पहिला. खांबांमधून जायच्या ठरलेल्या वाटेला फाटक म्हणतात. एक फाटक चुकलं की सगळं मुसळ केरात. तेव्हा नातीनं पाहिलेला तो जपानी चार-सहा वळणांत बाहेर गेला, यात त्याला कमीपणा नाही. जगज्जेतेही असेच बाहेर जातात.

आता बर्फाचं. जपानकडे बर्फ किती आणि का, हे पैठण तालुक्यातल्या माणसाला शाळामास्तरांपेक्षा लवकर कळेल. आपल्याकडे अरबी समुद्रावरून ढग येतात, सह्याद्रीला धडकतात, महाबळेश्वर धुऊन काढतात आणि घाट ओलांडून तुमच्याकडे येईपर्यंत रिकामे झालेले असतात. जपानात हेच हिवाळ्यात घडतं. सायबेरियातून निघालेला कोरडा, बोचरा वारा जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतो आणि होन्शू बेटाच्या मधल्या डोंगररांगेवर आपटतो. पश्चिमेच्या बाजूला बर्फाची कोसळ, पूर्वेला कोरडं ऊन. टोकियो म्हणजे त्यांचं चितेगाव. डोंगरापलीकडच्या ताकादा शहरात फेब्रुवारी १९४५ मध्ये साचलेल्या बर्फाची उंची ३७७ सेंटिमीटर भरली होती. आपल्याकडचं पत्र्याचं घर त्यात पन्हाळीसकट गडप होईल.

एवढं बर्फ असून जपान्यांना स्की मात्र विसाव्या शतकापर्यंत ठाऊक नव्हती. १९०२ साली हाक्कोदा डोंगरात सरावाला निघालेली २१० सैनिकांची तुकडी हिमवादळात सापडली आणि त्यांतले १९९ मेले. लष्कर हादरलं. पुढे ऑस्ट्रियाचा एक मेजर, थिओडोर फॉन लेर्ख, जपानी सैन्याची माहिती घ्यायला आला होता, त्यालाच कामाला लावलं. १२ जानेवारी १९११ रोजी ताकादाच्या पलटणीला त्यानं स्की शिकवायला सुरुवात केली. त्याच्या हातात एकच लांब काठी असायची. जपानातलं स्कीइंग त्या दिवसापासून मोजतात.

इगाया यांचे वडील कुनिओ हे त्या पहिल्या पिढीतले. लष्करात शिकलेले नव्हेत, वेडापायी शिकलेले. आई सादाको याही जपानच्या अगदी सुरुवातीच्या स्की करणाऱ्या बायकांपैकी. या जोडप्यानं बर्फ जिथे चांगलं तिथे बिऱ्हाड, असा संसार केला. त्या भटकंतीत ते पार उत्तरेच्या कुनाशिरी बेटावर पोचले आणि तिथे २० मे १९३१ रोजी चिहारूचा जन्म झाला. दुसरं महायुद्ध संपताना हे बेट सोव्हिएत फौजांनी घेतलं, आजही ते रशियाकडे आहे. जपान आपला हक्क सांगतो, ते वेगळं. म्हणजे जपानला हिवाळी ऑलिंपिकचं पहिलं पदक मिळवून दिलेल्या माणसाचं जन्मगाव आज जपानच्या हातात नाही. चिहारू या नावातल्या दोन जपानी अक्षरांचा अर्थ ‘हजार वसंत’. बर्फाच्या मागे हिंडणाऱ्या आईबापांनी पोराचं नाव हे ठेवावं, याची मला गंमत वाटते.

पोरगा नीट चालायला लागला नाही तोच पायांत स्की आल्या. शिकवणारे वडीलच. पुढे कुटुंब मध्य जपानात आलं आणि नागानो भागातल्या शिगा कोगेन या पठारावर स्थिरावलं. आज तिथे दोरखंडावरच्या खुर्च्या माणसांना अलगद वर नेऊन सोडतात. तेव्हा तसलं काही नव्हतं. जपानात पहिल्या लिफ्ट बसल्या त्या युद्धानंतर, अमेरिकी सैनिकांच्या करमणुकीसाठी. त्याआधी दोन मिनिटांचा उतार हवा असेल तर तेवढीच टेकडी स्की खांद्यावर टाकून चढायची. दिवसातून किती उतार झाले हे फुप्फुसं ठरवायची. माझ्या मते इगाया यांच्या पायांत जे होतं, त्यातलं निम्मं या चढण्यातून आलेलं असावं. हा अंदाज आहे, पण पंढरीची वारी केलेल्या माणसाला तो पटेल.

युद्धानं आधी एक संधी खाल्लीच होती. १९४० चं हिवाळी ऑलिंपिक सप्पोरोला ठरलेलं होतं, ते झालंच नाही. १९४८ ला जपानला बोलावणं नव्हतं. १९५२ ला ऑस्लोत जपान परतला तेव्हा संघात विशीतले इगाया होते. स्लॅलममध्ये ते अकरावे आले. आल्प्स आणि नॉर्वेच्या पोरांच्या गर्दीत, ज्याच्या देशाचं नाव या खेळाशी कुणी जोडलंच नव्हतं, त्याचा अकरावा नंबर ही बातमी होती.

इथून गोष्टीला वळण देणारा माणूस खेळाडू नव्हे, विमा विकणारा. कॉर्नेलियस व्हॅन्डर स्टार. या अमेरिकन गृहस्थानं १९१९ साली शांघायमध्ये विम्याचं छोटं दुकान थाटलं, त्यातून पुढे एआयजी नावाचा जगभर पसरलेला डोलारा उभा राहिला. स्टारना स्कीचं वेड होतं, इतकं की व्हर्माँट राज्यातल्या स्टो गावी त्यांनी डोंगरावर पैसा ओतून स्कीचं मोठं केंद्र वाढवलं. त्यांनी इगाया यांना अमेरिकेत आणलं, डार्टमथ कॉलेजात घातलं, शिक्षणाचा भार उचलला.

हे कॉलेज उगाच निवडलेलं नव्हतं. न्यू हॅम्पशरमधल्या हॅनोव्हर गावचं डार्टमथ म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांमधली स्कीची तालीम. १९०९ पासून तिथे विद्यार्थ्यांचा डोंगरात भटकणारा क्लब आहे आणि इगाया गेले तेव्हा प्रशिक्षक होते वॉल्टर प्रागर, स्वित्झर्लंडचे एकेकाळचे जगज्जेते. पण तालीम असली तरी ती कॉलेजची. वर्ग, निबंध, परीक्षा कुणाला चुकत नव्हत्या. परक्या भाषेत शिकायचं, थंडी पडली की शर्यतींना जायचं, परत येऊन बुडालेला अभ्यास भरून काढायचा. मित्र त्यांना ‘चिक’ म्हणत. अमेरिकी कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी वैयक्तिक सहा विजेतेपदं मिळवली आणि १९५७ साली पदवी घेतली.

ऑलिंपिकचं पदक याच वर्षांतलं. कॉलेजात शिकत असतानाच ते जपानसाठी कोर्टिनाला गेले.

कोर्टिनाचं ते ऑलिंपिक एका पोराचं होतं. टोनी सायलर, ऑस्ट्रियातल्या किट्झब्युहेल गावचा, वय २०. जायंट स्लॅलम, म्हणजे विरळ खांबांची शर्यत, त्यानं ६.२ सेकंदांनी मारली. आजच्या शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या भागावर पदकं फिरतात, तिथे ही सहा सेकंद म्हणजे पहिला येऊन, पाणी पिऊन, दुसऱ्याची वाट बघणं. दोन दिवसांनी स्लॅलम. पहिल्या फेरीत सायलर १ मिनिट २७.३ सेकंद, इगाया १ मिनिट ३०.२. सहाव्या क्रमांकावर. बहुतेकांनी त्यांचा नाद तिथेच सोडला असणार. दुसऱ्या फेरीत सायलरनं १ मिनिट ४७.४ सेकंद घेतले आणि इगायांनी १ मिनिट ४८.५. फक्त १.१ सेकंदाचा फरक. बेरीज झाली ३ मिनिटं १८.७ सेकंद. सायलर ३ मिनिटं १४.७. बरोबर चार सेकंदांचं अंतर. पण त्या चार सेकंदांच्या मधे दुसरं कुणीच नव्हतं. तिसरा आलेला स्वीडनचा स्टिग सोलँडर इगायांच्याही दीड सेकंद मागे.

चार सेकंदांनी हरलेला म्हणायचं की सायलर सोडून साऱ्या जगाला हरवलेला? सायलरनं तिसरी शर्यत, डाउनहिलही साडेतीन सेकंदांनी जिंकली. एकाच ऑलिंपिकमध्ये तिन्ही अल्पाइन शर्यती जिंकणारा तो पहिला माणूस. त्याच्या मागे दुसरं येणं म्हणजे सचिन खेळत असताना दुसऱ्या टोकाला शतक काढण्यासारखं. टाळ्या कुणाला मिळाल्या ते सांगायला नको.

दोन वर्षांनी, १९५८ मध्ये, ऑस्ट्रियातल्या बाडगास्टाइनच्या जागतिक स्पर्धेत इगायांनी स्लॅलमचं ब्राँझ घेतलं. १९५६ चं पदक अपघातानं हाती लागलं नव्हतं, हे त्यानं सिद्ध झालं. १९६० ला अमेरिकेतल्या स्क्वॉ व्हॅलीत तिसरं ऑलिंपिक खेळले, पदक नाही. तिथे शर्यतीचा अध्याय संपला. वय तिशीच्या आत.

आता तुमचा पोटाचा प्रश्न. मला तो सगळ्यात आवडला, कारण खेळाडूंवर लिहिणारे तो विचारतच नाहीत.

त्या काळी ऑलिंपिकमध्ये हौशी खेळाडूंनाच जागा होती. खेळून पैसा घेतला, जाहिरातीत तोंड दिसलं, की दार बंद. नियम किती कडक असावा? १९७२ ला सप्पोरोत ऑस्ट्रियाच्या कार्ल श्रान्झला शर्यतीच्या तोंडावर घरी पाठवलं, स्कीच्या कंपन्यांशी आर्थिक संबंध असल्याच्या आरोपावरून. स्वतः सायलरही तेविशीच्या सुमारास शर्यती सोडून सिनेमात गेला, त्यानं एका जपानी सिनेमातही काम केलं. इगायांना हा मार्ग नव्हता आणि बहुधा नकोही होता. त्यांच्याजवळ डार्टमथची पदवी होती, इंग्रजी होतं, आणि स्टार यांच्या कंपनीचं दार उघडं होतं. ते विम्यात शिरले. पदक दाखवून खुर्ची उबवली असं नाही. चढत चढत त्या समूहाच्या जपानमधल्या कंपनीच्या अध्यक्षपदापर्यंत गेले. लोक त्यांच्याकडून आगीचे, अपघाताचे विमे घेत होते तेव्हा त्यांतल्या कितीजणांना ठाऊक असेल, की समोरच्या साहेबानं खांबांच्या दाट रांगेतून दीड-पावणेदोन मिनिटांत उतरून दाखवलेलं आहे!

खेळ सुटला नाही. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं त्यांना सदस्य केलं. २०११ पर्यंत ते सदस्य राहिले, त्यांतली २००५ ते २००९ ही वर्षं उपाध्यक्ष. मधे १९९८ ला नागानोत हिवाळी ऑलिंपिक झालं आणि पुरुषांच्या स्लॅलमच्या शर्यती कुठे झाल्या असतील? शिगा कोगेनला. ज्या पठारावर ते मुलगा म्हणून स्की खांद्यावर टाकून चढायचे, तिथेच. जपानच्या ट्रायथलॉन संघटनेचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं. पोहा, सायकल हाणा आणि वर पळा, असला तो खेळ.

मग त्यांच्यानंतर कुणीच का नाही? आले की. पदकापाशी पोचले नाहीत, एवढंच. यातली दोन उदाहरणं सांगतो, म्हणजे हा खेळ किती दुष्ट आहे ते नातीला कळेल.

स्लॅलममध्ये कितव्या नंबरवर उतरायचं, हे आधीच्या कामगिरीच्या गुणांवर ठरतं. वरच्यांना ताजा, गुळगुळीत उतार मिळतो. मागच्यांच्या वाट्याला आधीच्या साठ जणांच्या पट्ट्यांनी खणलेले चर. पावसाळ्यात उसाच्या ट्रॅक्टरांनी चिरडलेल्या शेतरस्त्यावरून शेवटची मोटारसायकल जाते ना, तसं. जानेवारी २००३ मध्ये स्वित्झर्लंडच्या वेंगन गावी अकिरा सासाकी नावाचा जपानी मुलगा ६५ व्या नंबरवर उतरला आणि विश्वचषकाच्या त्या शर्यतीत दुसरा आला. तो दिवस स्कीच्या जगात अजून लोक सांगतात. पण तोही ऑलिंपिक पदकापर्यंत पोचला नाही.

दुसरा केंतारो मिनागावा. २००६, तुरिनचं ऑलिंपिक, पुन्हा इटली, पुन्हा स्लॅलम, इगायांच्या पदकानंतर बरोबर पन्नास वर्षांनी. मिनागावा चौथा आला. तिसऱ्यापेक्षा मागे किती? ०.०३ सेकंद. डोळ्याची पापणी मिटायला याहून जास्त वेळ लागतो. इगाया चार सेकंद मागे राहून रौप्य घेऊन गेले आणि हा तीन शतांश सेकंदांनी रिकाम्या हाती. पहिले तिघेही ऑस्ट्रियाचे.

ऑस्ट्रियाचे, यातच तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे. डोंगरावर बर्फ असून भागत नाही, बर्फाच्या भोवती गाव लागतं. आल्प्समध्ये गावंच्या गावं या खेळावर जगतात. हॉटेलवाला, लिफ्टवाला, मास्तर, पंच, स्कीला मेण लावणारा कारागीर, सगळे त्याच खोऱ्यातले, आणि विश्वचषकाच्या बहुतेक शर्यती त्यांच्या अंगणात. जपानी पोराला सगळा हिवाळा घर सोडून तिकडे काढावा लागतो. शिवाय १९७२ ला सप्पोरोत स्की-जंपिंगच्या लहान टेकडीवर तिन्ही पदकं जपाननं घेतली: कासाया, कोन्नो, आओची. इगायांच्या रौप्यानंतर सोळा वर्षांनी मिळालेलं ते यश. त्यानंतर जपानी लोकांच्या डोळ्यांत भरला तो उडी मारणारा, वळणं घेणारा नव्हे. हे माझं मत. आपल्याकडे १९८३ च्या क्रिकेट विश्वचषकानंतर हॉकीचं काय झालं ते पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको.

एका जपानी मुलीचं नाव मात्र घ्यायलाच हवं. मोमोका मुराओका. लहानपणी आजारानं पाय गेले, ती एकाच पट्टीवर बसवलेल्या आसनात बसून डोंगर उतरते. २०१८ च्या प्याँगचँग पॅरालिंपिकमध्ये तिनं पाच पदकं घेतली, २०२२ ला बीजिंगमध्ये तीन सुवर्ण आणि एक रौप्य. मधल्या काळात टोकियोला चाकांच्या खुर्चीवर १०० मीटरही धावली. नातीला मोबाइलवर शोधायला सांगा, ही दाखवण्यासारखी आहे.

राहिली आपली गोष्ट. पहिली नोंद १९६४ ची: इन्सब्रुकला जेरेमी बुजाकोव्स्की भारताकडून अल्पाइन शर्यतीत उतरले, हिवाळी ऑलिंपिकमधले आपले पहिले खेळाडू तेच. नाव पोलिश, कारण घराणं पोलिश. १९८८ ला कॅलगरीत शैलजा कुमार स्लॅलम उतरल्या आणि २८ व्या आल्या. शर्यत पुरी करणाऱ्यांत शेवटच्या, पण पुरी केली. कित्येकजणी अर्ध्यात गेल्या होत्या. हिवाळी ऑलिंपिकला जाणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. जानेवारी २०१८ मध्ये मनालीच्या आँचल ठाकूरनं तुर्कस्तानातल्या एर्झुरुमला स्लॅलमचं ब्राँझ जिंकलं, आंतरराष्ट्रीय स्पर्धेतलं भारताचं स्कीमधलं पहिलं पदक. २०२२ ला बीजिंगला भारताचा अख्खा संघ म्हणजे एकटा आरिफ खान. काश्मीरचा, वडलांचं गुलमर्गला स्कीच्या सामानाचं दुकान. जायंट स्लॅलममध्ये ४५ वा आला, स्लॅलममध्ये तुमच्या त्या जपान्यासारखाच बाहेर गेला.

पाहा, पुन्हा वडीलच. कुनिओ इगाया काय, गुलमर्गचा दुकानदार काय, सोलंगच्या उतारांवर मुलांना घेऊन जाणारे मनालीचे ठाकूर काय. चितेगावात तसले वडील असून भागणार नाही, कारण डिसेंबरात तुमच्याकडचा पारा फार तर दहाच्या खाली घुटमळतो. पण नातीचं रोलर स्केटिंग वाया जाणारं नाही. एका ओळीत चाकं असलेले इनलाइन स्केट्स घालून डांबरी उतारावर फाटकांमधून जायच्या अल्पाइन शर्यती जगात रीतसर होतात. गुडघा वाकवून वजन बाहेरच्या पायावर टाकायचं तंत्र बरंचसं तेच. तेव्हा आधी तिला सपाट रस्त्यावर पाण्याच्या बाटल्यांची रांग लावून एकेरी साखळी घालू द्या. सकाळी लवकर, आणि पैठण रस्त्यावर नको. तो नव्या गाड्यांचा रस्ता झालाय. गल्लीत. हेल्मेट, गुडघ्याच्या वाट्या आणि मनगटाच्या पट्ट्या आधी, स्केट्स नंतर. पुढे कधी जमलं तर गुलमर्गच्या सरकारी संस्थेत किंवा उत्तराखंडात औलीला आठवड्या-पंधरवड्याचे प्राथमिक वर्ग भरतात. खर्च मात्र आहे. तिथे पहिले दोन दिवस ती फक्त पडेल. आबांनी तेव्हा फोनवर हसू नये.

प्रश्न : आमच्या घरी वाद झाला. बर्फावरच्या शर्यतीत खेळाडू खांबाला सरळ हातानं, नडगीनं हाणत जातात. खांब पडला तरी बाद कसे होत नाहीत?
(बिडकीनहून एक विद्यार्थी)

उत्तर : खांबाला लागणं गुन्हा नाहीच. दोन्ही पाय आणि स्कीची टोकं खांबाच्या योग्य बाजूनं फाटकाची रेषा ओलांडून गेली पाहिजेत, मग बाकीचं अंग खांबावरून गेलं तरी चालतं. तुम्ही पाहिलेले खांब बुडाशी स्प्रिंगच्या बिजागरीवर बसवलेले असतात, आडवे होऊन लगेच उभे राहतात. ते १९८० च्या दशकात आले. म्हणूनच आता सगळे खांब हाणत सरळ रेषेत जातात आणि नडगीला प्लॅस्टिकची ढाल बांधतात. आधी बांबू असायचे. बांबूला हाणला की बांबू राहायचा आणि हाणणाऱ्याच्या अंगावर वळ उठायचे, त्यामुळे खांबाला वळसा घालून जाणं भाग होतं.

वरच्या उत्तरात एक गोष्ट राहिली होती, ती तुमच्यामुळे आठवली. कोर्टिनात दुसऱ्या फेरीनंतर इगायांच्या विरोधात हरकत आली होती, की यांचं एक फाटक चुकलं. ती फेटाळली गेली. मान्य झाली असती तर सोलँडर दुसरा आणि चौथा आलेला अमेरिकेचा ब्रूक्स डॉज तिसरा झाला असता. डॉजही डार्टमथचाच.